आमच्या घरात सांडलेलं पाणी

विल्सनबद्दल लिहायचं तर आधीच सांगून टाकतो, मला त्याचा हेवा वाटायचा. ‘वाटायचा’ हेही सभ्यपणा म्हणून. अजून वाटतो. माणूस आमची कंपनी सोडून गेला, माझ्या शेजारच्या त्याच्या खुर्चीवर आता खोकी ठेवलेली असतात, तरी कुणी त्याचं नाव काढलं की माझा चहा बेचव होतो. दुसऱ्याचं चांगलं बघून जळू नये, असं लहानपणी सगळ्यांनी शिकवलं. शिकवणाऱ्यांच्या शेजारी विल्सन बसलेला नव्हता, एवढंच मी त्यावर म्हणेन.

आम्ही मोबाइलवरचे गेम बनवतो. शांती नगरमध्ये खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दोन खोल्या, एवढी आमची कंपनी. मालक केतनभाई पूर्वी साड्यांच्या धंद्यात होते, त्यामुळे गेमसुद्धा ते उलगडून, उजेडात धरून बघतात. मी तिथला सगळ्यात जुना माणूस. गेममधली जमीन माझ्याकडे. डोंगर, गल्ल्या, जिने, खोल्या, खड्डे, खेळणारा ज्यावरून चालतो ते सगळं मी करतो. पायाखालच्या गोष्टीकडे कुणी बघत नाही, हे या कामाचं दुःख आहे. एखादा खड्ड्यात पडला तरच जमीन कुणी केली याची चौकशी होते.

विल्सन आला उत्तनहून, गेमचे नियम ठरवायला. पहिल्याच दिवशी उशिरा आला आणि आल्या आल्या माझी बाटली उचलून, वरून धार सोडून, सगळी संपवली. ‘गोड हाय तुझं पाणी,’ म्हणाला आणि बसला. उंच, सावळा, केस असे दाट की बघूनच माझा हात आपोआप माझ्या टकलाकडे गेला. बसल्या जागी त्याची उजव्या हाताची बोटं टेबलावर वरखाली व्हायची. मला वाटलं, काहीतरी हिशोब करतोय. मग कळलं की हा गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि ती बोटं मनातल्या मनात गाणं वाजवतात. मला मनातल्या मनात फक्त हप्ते आठवतात.

मुलाखतीत केतनभाईंनी त्याला विचारलं होतं, आवडता गेम कोणता? तो म्हणाला, ‘जो हरल्यावर परत खेळावासा वाटतो तो.’ हे उत्तर मला सुचलं असतं तर मी ते घरी येऊन बायकोला ऐकवलं असतं, आईला ऐकवलं असतं, आणि पुढच्या गणपतीत पाहुण्यांनाही ऐकवलं असतं. तो ते बोलून विसरून गेला. मीच त्याला आठवण करून दिली तर म्हणतो, ‘असं बोल्लो मी? बरा बोल्लो की.’

गंमत म्हणजे तो स्वतः गेम अत्यंत वाईट खेळायचा. सगळ्यांत आधी मरायचा, आणि मेला की खुर्ची मागे ढकलून हसायचा. मी चिकाटीनं शेवटपर्यंत पोचायचो, त्याचं कुणाला काही नाही. तो मेला की सगळे त्याच्या खुर्चीभोवती गोळा. ‘हरलं तरच कळतं ना, गेमचं कुठं दुखतं ते,’ असं त्याचं म्हणणं. मी जिंकून बसायचो आणि मला काहीच कळलेलं नसायचं.

माणसं त्याच्याकडे आपणहून जायची. खालच्या झेरॉक्सवाल्या नसीमभाभी इतक्या वर्षांत मला ‘भैया, छुट्टा दो’च्या पुढे काही बोलल्या नव्हत्या. याला महिन्याभरात जिन्यातून हाक, ‘विल्सन, चाय भेजूँ क्या?’ आणि चहा एकच यायचा. केतनभाईंच्या ऑफिसात मासे आणायचे नाहीत हा नियम मी कसोशीनं पाळत आलो होतो. विल्सननं एकदा सुक्या बोंबलांची चटणी आणली, तर केतनभाई नाकाला रुमाल लावून म्हणाले, ‘अरे, कम से कम खिड़की तो खोल.’ बस, एवढंच. मी आणली असती तर मला खिडकीतून बाहेर काढलं असतं.

तेव्हा आम्ही जो गेम करत होतो तो जगून राहण्याचा होता. शहर ओस पडलंय, कडक उन्हाळा, नळ कोरडे. पडक्या इमारतींमधून पाणी शोधायचं आणि कळशी डोक्यावर घेऊन घरी परतायचं. वाटेत ठेच लागली, तोल गेला, कळशी पडली की खेळ खलास. सुरुवातीपासून. हा नियम केतनभाईंचा होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही. ठेच लागायला दगड कुठे ठेवायचे याचा मी फार बारकाईनं विचार केला होता.

एका रविवारी विल्सन माझ्या घरी आला. मी भाईंदर पश्चिमेला राहतो, जुनी इमारत, आणि त्या आठवड्यात पाणी एक दिवसाआड येत होतं. काही फाइली घ्यायला म्हणून आला आणि आईनं ‘जेवल्याशिवाय कसला जातोस’ म्हणून बसवून घेतला. तो लगेच तिला ‘आई’ म्हणायला लागला. माझे बाकीचे मित्र काकू म्हणतात.

जेवणं चालली असताना आई पिण्याच्या पाण्याची भरलेली कळशी ओट्यावरून उचलायला गेली, ती हातातून सटकली आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं.

पुढचं आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. आईनं पाण्याकडे न बघता आधी कळशी उभी केली, कारण आत जे उरलंय ते अजून प्यायचं असतं. मी पंचा घेऊन उंबऱ्यापाशी झेपावलो आणि पाणी बाहेरच्या खोलीत जायच्या आत बांध घातला. माझी बायको वैशाली परात आडवी धरून वाटीनं वरवरचं पाणी गोळा करू लागली. मग मी गुडघ्यांवर रांगत पंचा भिजवायचा, बादलीत पिळायचा, परत भिजवायचा. शेवटी आई जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन कोपरे टिपत आली. ‘वरचं वर, मधलं मध्ये, खालचं खाली,’ हा तिचा मंत्र. परातीतलं पाणी भांड्यांना, पंच्यातलं लादी पुसायला, फडक्यातलं संडासात. एकाचं पाणी दुसऱ्यात गेलं तर मात्र ती ओरडते. सांडल्याबद्दल आमच्याकडे कुणी ओरडत नाही.

विल्सन हातात ताट धरून दारात उभा होता. तोंडातला घास चावायचा राहिला होता. सगळं आवरल्यावर तो म्हणाला, ‘आई, परत एकदा सांडा ना.’

आई हसत सुटली. इतकी, की ओट्याला टेकली. आणि मग माझ्या आईनं, जिनं मला लहानपणी चूळ जोरात भरली म्हणून धपाटा घातलेला आहे, तिनं ती परात उचलली आणि त्या विल्सनसाठी परत लादीवर ओतली. पाणी नसलेल्या दिवशी! आम्ही परत रांगलो. या वेळी तोही रांगला, आणि पंच्याच्या बाबतीत वैशालीच्या मते त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

सोमवारी तो ऑफिसात आला आणि म्हणाला, ‘सांडल्यावर मरायचं न्हाय. सांडल्यावर खरा गेम चालू.’ आणि त्यानं नियम मांडला. कळशी पडली की आधी ती उभी करायची. नवखा खेळाडू धावत थारोळ्याकडे जाईल आणि तेवढ्यात कळशीतलं उरलेलं पाणीही वाहून जाईल, हा त्यातला डाव. मग हाताशी परात आहे, की कापड आहे, की काहीच नाही, त्यावर किती पाणी परत मिळेल आणि ते कशाच्या लायकीचं असेल ते ठरेल. गढूळ पाणी प्यायलात तर आजारी पडाल. पण त्याच पाण्यानं झाड जगेल, जखम नाही तरी हात धुता येतील. वरचं वर, मधलं मध्ये, खालचं खाली. आईचं वाक्य त्यानं जसंच्या तसं म्हटलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी म्हणावी तर चोरी नव्हती. तो सगळ्यांना सांगत होता की हे सतीशच्या घरचं आहे. तेच मला जास्त लागत होतं. माझ्या घरचं होतं, माझ्या आईचं होतं, माझ्या गुडघ्यांखालचं होतं. मी जन्मभर त्या पाण्यात रांगलो आणि मला त्यात पाण्याशिवाय काही दिसलं नाही. हा एकदा जेवायला आला आणि उचलून घेऊन गेला. याला काय म्हणायचं? मी त्या रात्री आईशी नीट बोललो नाही, तिचा काही दोष नसताना.

केतनभाईंना ते पटलं नाही, हे ऐकून मला बरं वाटलं हेही सांगतो. ‘विल्सन, लोग पोछा मारने के लिए गेम खेलेंगे क्या? गिर गया तो गिर गया. खतम. वापस चालू करो.’ मी मान डोलावली. विल्सन वाद घालेल असं मला वाटलं होतं. तो जिन्यात गेला आणि नसीमभाभींना वर घेऊन आला. त्यांच्या हातात मोबाइल दिला, त्यात जुनाच गेम होता, सांडलं की मेलात तो. भाभी थोडं चालल्या, माझ्याच एका दगडाला अडखळल्या, कळशी पडली. पडद्यावर ‘खेळ संपला’ आलं. भाभींनी ते वाचलंच नाही. त्या अक्षरांच्या मागे दिसणाऱ्या थारोळ्यावर बोट घासत राहिल्या.

‘अरे, ये उठ क्यों नहीं रहा? इतना सारा तो पड़ा है अभी!’

त्या पेणकरपाड्यात राहतात, त्यांच्याकडेही पाण्याची आमच्यासारखीच रड. केतनभाई त्यांच्या बोटाकडे बराच वेळ बघत होते. विल्सन एक अक्षर बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर भाषण ठोकलं असतं आणि मिळवलेलं सगळं घालवलं असतं. ‘ठीक है, कर लो,’ केतनभाई म्हणाले, आणि विल्सननं भाभींसाठी चहा सांगितला. त्या दिवशी मलाही एक आला.

मग त्याचे आणि आईचे फोन सुरू झाले. मी नेमकं काय काम करतो हे आईनं मला कधी विचारलेलं नाही. ‘कॉम्प्युटरवर असतो’ असं ती शेजारी सांगते. पण आता मी घरी यावं तर ही फोनवर. ‘तेलाचं काय करशील? तेल फडक्यानं टिपायचं नसतं रे. त्यावर पीठ भुरभुरायचं, पिठानं तेल प्यायलं की तेच पीठ मळून पुऱ्या करायच्या... हो हो, पुरीनं ताकद वाढव त्याची... दूध? दुधाचं आधी मांजर बघ कुठंय ते.’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘थांब हं, सतीश आलाय, त्याला वाढते.’ जणू मी मध्येच दार वाजवणारा कुणी होतो. तेल आणि पिठाचा तो भाग गेममध्ये आला आणि खेळणाऱ्यांना प्रचंड आवडला. ‘पुऱ्या आईच्या,’ विल्सन सगळ्यांना सांगायचा. मी एकदा म्हटलं, ‘खातो मी आहे इतकी वर्षं.’ तो म्हणाला, ‘तेच तर. खायला बसलास, बघायला न्हाय.’ चिडवलं होतं त्यानं, मनात काही ठेवून नाही. मी मात्र ते मनात ठेवलं.

माझ्याकडे आलं ते उतारांचं काम. पाणी सांडलं की कुठे पळेल, ते लादी ठरवते. ‘जरा वाकड्या कर लाद्या,’ एवढंच त्यानं सांगितलं. मी प्रत्येक खोलीची लादी वेगळी वाकडी केली. आमच्या भाईंदरच्या इमारतींमध्ये मोरीकडे उतार असावा तिथे नसतो आणि पलंगाखाली असतो, ते सगळं आठवून आठवून केलं. जीव ओतला. विल्सननं पाहिलं, एका खोलीत पाणी धरायला गेला, हरला, हसला, ‘मस्त हाय’ म्हणाला आणि निघून गेला. एवढ्यावर माझं कौतुक संपलं.

गेम चालला. आमच्या दोन खोल्यांच्या मानानं फारच चालला. लोक लिहून कळवायचे की कळशी मुद्दाम पाडतो, पाणी गोळा करायची मजा येते म्हणून. शेवटी नावं येतात त्यात विल्सननं सगळ्यात वर एक ओळ टाकून घेतली होती, ‘पाण्याचे धडे: सुमनताई.’ म्हणजे माझी आई. माझं नाव खाली, सगळ्यांच्या रांगेत. आईनं आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर मोबाइल फिरवला. तिचा आनंद बघून मला आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. पण स्वतःच्या आईवर जळायची पाळी विल्सननं माझ्यावर आणली, ते काही मी विसरत नाही.

आणि मग एक दिवस तो सकाळी वेळेवर आला. तेव्हाच मला शंका आली. म्हणाला, बँडमधल्या काकाला दम लागतो, लग्नाचा मोसम आलाय, ट्रम्पेटला माणूस नाही. नोकरी सोडतो. आधी मला वाटलं होतं की मोठ्या कंपनीत चाललाय, आणि त्याचं मला वाईट वाटायला सुरुवातही झाली होती. बँड म्हटल्यावर जास्तच वाईट वाटलं. मी ज्या कामासाठी इतकी वर्षं घासतोय, ते यानं पोट भरल्यावर ताट सरकवावं तसं सरकवलं. ‘गेम झाला ना बनवून,’ म्हणाला. जळायचं तर निदान समोरच्यानं शर्यतीत असावं! हा धावतच नव्हता.

दुसऱ्या भागाचं काम केतनभाईंनी माझ्या हाती दिलं. नियम मी, जमीन मी, सगळं मी. ज्याची वाट पाहिली ते मिळालं. मी अगदी पद्धतशीर आराखडा केला. पूर, चिखल, विहिरी, कशाला काही कमी ठेवलं नाही. केतनभाईंनी खेळून पाहिलं आणि माझ्याशी फार गोड बोलले. तिथेच मी समजलो. ‘सतीशभाई, सब बराबर है. कपड़ा अच्छा है, सिलाई अच्छी है. मजा नहीं आ रहा.’ आणि वर, ‘विल्सन को ले आओ ना. तुम्हारा तो दोस्त है.’

म्हणजे मीच जाऊन त्याला बोलवायचं. तो आला, तर मी परत दगड आणि खड्डे. तो नाही आला, तर गेम बुडणार आणि तोही माझ्या नावावर. रिक्षात बसून उत्तनला जाईपर्यंत त्यानं नाही म्हणावं की हो, हे मला ठरवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर नाही म्हणावं असंच वाटत होतं.

विल्सनच्या अंगणात बँडची माणसं लग्नाला निघायच्या तयारीत होती. लाल कोट, सोनेरी पट्ट्या. पलीकडे बांबूंवर मासळी वाळत होती आणि वासानं डोकं भणभणत होतं. विल्सननं मला मिठी मारली, बसवलं, बळंच फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोड पाव, खायला लावले. आईची चौकशी केली, वैशालीची केली. मी केतनभाईंचा निरोप शब्दाला शब्द सांगितला, पगार वाढवतील तेही सांगितलं. उगाच काही पदरचं घातलं नाही आणि काही वगळलंही नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तू सांग. मी येऊ?’

मला वाटलं होतं, एवढा निरोप सांगितला की माझं काम संपलं.

‘नको,’ मी म्हटलं. ‘तू आलास की मी कुणाला दिसत नाही. मला तुझा हेवा वाटतो, विल्सन. फार वाटतो.’

‘हां, माहिती हाय ते,’ तो म्हणाला.

‘कुणी सांगितलं?’

‘आई बोल्ली. त्या रविवारी, तू हात धुवायला गेलेलास तवा. बोल्ली, सतीश तुझ्यावर जळेल. जळू दे, पण त्याला सोडू नको.’ आणि हसला. ‘बरं, न्हाय येत मी.’

इतक्या सहज. मग त्यानं फोन काढला आणि माझ्यासमोरच केतनभाईंना लावला, स्पीकरवर.

‘केतनभाई, मेरा नहीं होगा. नहीं, पैसे का नहीं है. सुनो ना. लोगों को पानी उठाने में मजा क्यों आया? क्योंकि पानी भागता है. भगाया किसने? सतीश ने. वो कोने वाले घर की लादी देखना. पानी सीधा मोरी की तरफ जाता है, आदमी को लगता है बच गया, और आखिर में दरवाजे के पास मुड़ जाता है. मैं उधर हर बार हारा. हर घर में पानी अलग तरीके से धोखा देता है. नियम तो मैंने दो लाइन का बनाया था, खेल उस लादी में है. उसको बोलो, वो मोटा प्लान फेंक दे. पहले जमीन बनाए. नियम अपने आप निकलेगा.’

मग केतनभाईंचा आवाज, ‘ये सतीश ने मुझे कभी बताया नहीं.’

बताया नहीं, कारण मला माहीत नव्हतं. लाद्या मी वाकड्या केल्या होत्या. त्यामुळे नेमकं काय झालं होतं ते मला त्या अंगणात कळलं. कधी वेळ आली तर आपली बाजू कशी मांडायची याची मी कित्येक वर्षं मनात उजळणी केली होती. त्यातलं एकही वाक्य इतकं चांगलं नव्हतं. माझं कौतुकसुद्धा करायला त्यालाच यावं लागलं, आणि तेही त्यानं लग्नाला उशीर होत असताना, उभ्या उभ्या केलं. केतनभाई म्हणाले, ‘ठीक है, सतीश को बोलो कल से चालू करे.’ माझी खुर्ची पक्की झाली.

तेवढ्यात बाहेर गल्लीत वरात जमली, ढोल वाजला आणि सगळे उठले. विल्सननं माझ्या खांद्यावर हात ठेवला, ‘आईला सांग, येतो पुऱ्या खायला,’ म्हणाला, आणि ट्रम्पेट काखेत मारून पळत जाऊन रांगेत शिरला. वरातीतली माणसं, पोरं, छत्रीवाली म्हातारी, सगळी त्याच्याभोवती. त्यानं ट्रम्पेट ओठांना लावला.

इतके दिवस टेबलावर त्याची बोटं पाहिली होती, पण त्याला वाजवताना मी कधी ऐकलं नव्हतं. निदान हे तरी त्याला धड येत नसेल, या आशेनं मी वरातीमागून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. फार सुंदर वाजवत होता.